रायफलीची खोळ

ओमानच्या किनाऱ्यावरच्या सहम गावातल्या आमच्या टेलरिंगच्या दुकानात मी आणि बायकोनं मिळून शिवलेली शेवटची वस्तू म्हणजे एका म्हाताऱ्या ओमानी शिकाऱ्याच्या रायफलीची खोळ. माझी बायको वारल्यावर महिन्यानं तो खोळ न्यायला आला. तिच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "ये सिर्फ सफर के वास्ते. घर में बंदूक बाहर निकालो, तेल लगाओ. कपडा समुंदर का पानी पकडता है, लोहा खलास."

गाडीतून त्याची बायको घाई करत ओरडली, "यल्ला!"

"चालीस साल से यही," तो कुरकुरला.

माझा नुसता जळफळाट झाला. ओरडायला आहे ना कोणी, मग कुरकुरतोस कशाला मेल्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोच्या शिलाई मशीनवर महिनाभर झाकून ठेवलेलं कापड काढलं आणि तेल घातलं.