दीड आटा

"आधी चहा, मंग मशीन."

टेकडी चढून आले की वायरलेसचे मिस्त्री पहिलं हेच बोलायचे. त्याआधी फक्त सेटाचं बटन दाबायचे. मग सेटाकडे पाठ करून बसायचे, जसं काही दोघांचं भांडण आहे.

तुम्हाला वाटेल, कामचोर माणूस. मलाही तेच वाटलं. मी चौथी शिकलेला, तीही अर्धी. पण जंगलखात्याच्या आगीवर नजर ठेवायच्या चौकीत एकटा बसत होतो आणि वायरलेसवर साहेबलोकांशी बोलत होतो. मला कोणी काम शिकवलेलं खपत नसे. आजही खपत नाही. म्हणून एकदा बोललोच, "मिस्त्री, सरकार तुमाले चहा प्यायचा पगार देते का?"

"भाऊ, ताप चढल्याशिवाय डॉक्टरले बिमारी कशी कळन? मशीन तापू द्या. आपोआप बोलते."

दोन कप होईपर्यंत सेट तापायचा आणि खरंच आपलं दुखणं दाखवायचा. तिसरा कप मात्र ते नुसत्या आवडीने प्यायचे.

सावली गावाकडचे होते. अंगानं सडपातळ. कानावर बिडीच्या जागी बांबूची तासलेली काडी. सेटातला बारीक स्क्रू तिनेच फिरवायचे. "लोखंड जवळ आलं की हे नव्या गोऱ्ह्यासारखं बिचकते," म्हणायचे.

ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं गेली असतील. चैत्र होता. पायथ्याला वीस-पंचवीस घरांचं गोंडांचं गाव. मोहफुलं वेचायला सगळे पहाटेच रानात. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, त्यातली एखादी ठिणगी वाऱ्यावर जाते आणि वणवा लागतो. घरी म्हातारे आणि पाळण्यातली लेकरं. धूर पहिले मला दिसणार. मी वायरलेसवर सांगितलं की रेंज ऑफिसातून माणसांची जीप निघणार. पायी निरोप धाडला तर दोन तास.

आणि त्याच दिवसांत सेटाचा लॉक सुटायला लागला. लॉक म्हणजे सेटाने आपली फ्रिक्वेन्सी घट्ट धरून ठेवणं. ती पकड सुटली की लाल दिवा लागतो आणि आपण कितीही ओरडलो तरी कोणाला काही ऐकू जात नाही. सकाळी ठीक, दुपारी ऊन चढलं की दिवा लाल.

मी म्हटलं, मिस्त्री कशाला पाहिजे? झाकण उघडलं. आत एका स्क्रूवर मेण. आमच्या चौकीत भिंतीच्या भोकात, दाराच्या फटीत, सगळीकडे मधाच्या बारक्या माशा मेण लावायच्या. वाटलं, इथेही शिरल्या. चाकूच्या टोकानं खरवडून काढलं. खाली स्क्रू ढिला. मी तो आवळून टाकला.

त्यानंतर दिवा सकाळीही लाल.

तिसऱ्या दिवशी रेंजर साहेब स्वतः मिस्त्रींना घेऊन आले. "हात कोणी लावला होता का? लावला असेल तर उद्यापासून चौकी बंद त्याची."

"कोन लावन साहेब? मी एकटाच त हावो इथी."

मिस्त्रींनी बटन दाबलं. चहाचं नावही काढलं नाही. झाकण उघडून आत पाहिलं, खाली पडलेला मेणाचा चुरा बोटावर घेतला आणि साहेबांकडे वळले. "साहेब, माही बॅटरी जीपीत राह्यली. तुमच्याशिवाय डायवर कोनाले देत नाई."

साहेब कुरकुरत टेकडी उतरले.

"भाऊ," मिस्त्री माझ्याकडे न पाहता बोलले, "हे मेण माशीनं नाई लावलं, कारखान्यात लावलं हाये. स्क्रू हालू नये म्हनून. अन् हा स्क्रू लोखंडाचा नाई, खडूसारखा ठिसूळ. चुकीच्या बाजूले फिरवला त तुटन. मंग सेट नागपूरले, अन् महिनाभर तुमची चौकी मुकी."

"मी नाई लावला हात."

"मी कुठी म्हनलं तुमी लावला? अंदाज विचारून राह्यलो. समजा, एखाद्यानं फिरवलाच असता, त किती फिरवला असता?"

खाली गावातून पाळण्यातलं लेकरू रडल्याचा आवाज वर येत होता. रानात दोन-तीन ठिकाणी पाल्याचा पांढरा धूर.

"उजवीकडं," मी म्हणालो. "दीड आटा."

"अंदाज पक्का हाये भाऊचा."

त्यांनी काडी उलटी फिरवली. दीड आटा. दिवा विझला.

साहेब बॅटरी खांद्यावर घेऊन धापा टाकत आले. "झालं?"

"अर्धं झालं साहेब. आता ऊन चढू द्या. भाऊ, चहा ठेवा न."

दुपारी दिवा पुन्हा लाल झाला. मिस्त्री खुश. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून एकेका पार्टला टेकवत गेले. एका जागी गारवा लागला आणि दिवा विझला. तिथला कथलाचा टाका केसाएवढा तडकला होता. ऊन लागलं की उकलायचा. कावीळ झालेल्याला डाग द्यायला सळई तापवावी तशी त्यांनी माझ्याच चुलीत कथील वितळवायची डागणी तापवली आणि टाका मारला. स्क्रूवर मेणबत्तीचा थेंब सोडला. कागदावर लिहिलं आणि साहेबांना वाचून दाखवलं, "उष्णतेने टाका सुटला होता. दुरुस्त केला."

"मी उगाच तुमच्यावर संशय घेतला," साहेब मला म्हणाले.

मिस्त्री बशीत तोंड घालून चहा फुंकत होते. जरा जास्तच फुंकत होते.

आठ दिवसांनी भर दुपारी पश्चिमेकडून वणवा आला. मी बोललो, पलीकडून उत्तर आलं, जीप आली. नाल्याच्या अलीकडे आग अडवली. घरं तिथून एका बांधीवर, म्हणजे धानाच्या एका शेताएवढ्या अंतरावर होती.

त्यानंतर तो सेट कधी बिघडलाच नाही. दुसरा उन्हाळा गेला, तिसरा गेला. मिस्त्रींचं काम इतकं पक्कं की त्यांना माझ्याकडे यायला कारणच उरलं नाही. पुढे सिरोंच्याकडे बदली झाल्याचं ऐकलं. चौकीत मी, माशा आणि चांगला चालणारा सेट.

एका पहाटे माझा हात झाकणाकडे गेला. खोटं कशाला बोलू? पाव आटा फिरवला तर बदली झालेली असली तरी मिस्त्रींनाच धाडतील का, असं मनात आलं. खाली बाया टोपल्या डोक्यावर घेऊन मोहाकडे चालल्या होत्या.

मी हात मागे घेतला आणि रोजच्यासारखा रेंज ऑफिसला बोललो, "चौकीवर सगळं ठीक हाये साहेब."

त्या दिवशी हे सांगताना मला काही आनंद झाला नाही.