कोण हवंय आपल्याला?

माझ्या आत्याला घरचा फोनसुद्धा साधा उचलता येत नाही. "बोला, कोण हवंय आपल्याला?" असं विचारूनच ती सुरुवात करते. पलीकडे सख्खा भाऊ असला तरी तेच. "ताई, घर आहे ते, इस्पितळ नाही," असं माझे बाबा दर वेळी सांगतात आणि त्यांचं सांगणं दर वेळी पालथ्या घड्यावर पाणी ठरतं.

सवय जाणार तरी कशी? एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. तळमजल्यावर जिन्याखाली बिनखिडकीची खोली, एक टेबल, लुकलुकणारे दिवे आणि डोक्यावर हेडफोन. त्या हेडफोनच्या पट्टीनं तिच्या केसांत कायमची खाच पाडली आहे. कसेही विंचरा, ती दिसतेच. शाळा सुटल्यावर आई-बाबा कामावरून येईपर्यंत मी तिच्या मागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची. मला वाढवण्यात त्या खोलीचा मोठा वाटा आहे आणि ते मी कुणालाही सांगायला तयार आहे. डॉक्टरांपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे तिला बोर्डताई म्हणत. त्यातल्या निम्म्यांनी तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

तिचा एक नियम होता. लाइन लागली, दोन्हीकडची माणसं बोलू लागली, की ती हेडफोन कानावरून सरकवून टाकायची. मला फार राग यायचा. इतकं काहीबाही चाललेलं असायचं, मला ऐकायचं असायचं! ती म्हणायची, "आपण जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. त्यापुढे कान लावणं म्हणजे चोरी."

मागच्या वर्षी इस्पितळानं बोर्डच काढून टाकला. आता फोन लावला की एक रेकॉर्ड केलेली बाई 'यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा' सांगते. आत्यानं घरून एकदा मुद्दाम लावून पाहिला. "बोलते छान गं," म्हणाली, "ऐकत मात्र नाही."

विनोद झाला, पण घरात हसायला कुणी मोकळं नव्हतं. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. नजर अधू झाली आणि दुकान बंद पडलं. घर आत्याच्या पगारावर चाललं होतं. तिला दुसरी नोकरी लागली नाही, तर दोघांना राहतं घर सोडून आतोबांच्या थोरल्या भावाकडे जावं लागणार होतं. तिथे खोली होती, पण 'या' म्हणणारं माणूस नव्हतं.

म्हणून मी एका रविवारी लॅपटॉप घेऊन गेले आणि नोकरी-धंद्यातल्या ओळखी जमवायच्या साइटवर तिचं खातं उघडलं. फोटोवरून पहिलं भांडण झालं. "इतकी वर्षं कुणी माझं तोंड मागितलं नाही," ती म्हणाली. शेवटी खाचेसकट फोटो काढला. मग मी शिकवलं: आधी जुन्या ओळखी शोधायच्या, ख्यालीखुशाली विचारायची, मग सांगायचं की मी काम शोधतेय. "भीक नाही मागायची आत्या, नुसतं सांगायचं."

"कळलं," ती म्हणाली. मी गाफील राहिले.

पहिले काही आठवडे तिनं जागा दिसेल तिथे अर्ज केले. 'आपला अर्ज मिळाला' असं उत्तर आलं की ही लगेच 'कळवल्याबद्दल आभारी आहे, तब्येतीला जपा' असं उलटं पाठवायची.

"अगं, ते यंत्र पाठवतं!" मी म्हटलं.

"असू दे. यंत्रानं माझी नोकरी नेली, आता माझी रीत पण नेऊ देऊ?"

अर्जांचं काहीच झालं नाही. ओळखी मात्र भराभर वाढल्या. बोर्डताई आलीय म्हटल्यावर जुनी माणसं शोधत आली आणि आपापली गाऱ्हाणी सांगू लागली. दवाखाना काढलेल्या एका डॉक्टरला हिशेबाला माणूस हवा होता. हिला हिशेबनीस माहीत होता. रुग्णवाहिकेच्या जुन्या ड्रायव्हरला काम नव्हतं; शाळेची बस चालवणारी संस्था हिच्या ओळखीत होती. "थांबा, जोडून देते," असं लिहून ती दोघांना एका संभाषणात आणायची आणि स्वतः त्यातून बाहेर पडायची. तिथे ठळक अक्षरांत उमटायचं की बाई निघून गेल्या. स्वतःच्या नोकरीचा एक शब्द नाही!

"आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात," आतोबा म्हणाले. "आमच्याकडे आंधळा मी, आणि दळतेय ही."

आणि मग तिनं कहरच केला. इस्पितळातल्या एका जुन्या सिस्टर आता घरी जाऊन रुग्णांची देखभाल करणाऱ्यांची संस्था चालवतात. त्यांचा निरोप आला: 'आमच्याकडे फोनवर बसायला शांत डोक्याचं, अनुभवी माणूस हवंय. तुझ्या ओळखीत कुणी आहे का?' आत्यानं तिथल्या तिथे बोर्डावरच्या आपल्या धाकट्या जोडीदारणीला जोडून दिलं. तिचंही काम गेलं होतं. जोडलं आणि नेहमीसारखी बाहेर पडली.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. माझं डोकंच फिरलं. "आत्या, ती जागा तुझी होती! त्या तुलाच विचारत होत्या!"

ती स्वयंपाकघराच्या दारात ओले हात तसेच धरून उभी राहिली. "त्यांनी विचारलं, ओळखीत कुणी आहे का. मी माझ्या ओळखीत कशी असेन गं?"

आतोबा हळूच म्हणाले, "गेलं ते गेलं. त्या पोरीला तरी लागलं." पण ते बोलताना त्यांनी कपाटावरच्या रिकाम्या खोक्यांकडे पाहिलं. सामान भरायला म्हणून ती खोकी आणून ठेवली होती. आत्यानंही पाहिलं. पहिल्यांदाच ती घाबरलेली दिसली आणि मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. तिनं हात पुसले, फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. "बोला, कोण हवंय आपल्याला?"

धाकटी जोडीदारीण होती. "ताई, सिस्टर पण लाइनवर आहेत हं. घ्या, बोला."

"अगं वा, लागली का तुमची लाइन? छान झालं. बोला तुम्ही दोघी, मी ठेवते." आणि तिचं बोट खरंच फोन बंद करायला गेलं. मी तिचा हात धरला.

"ताई, ठेवू नका!" पोरगी ओरडली. "आज तुम्हाला मी जोडून दिलंय. तुम्ही शिकवलंत तसं. आता मी बाजूला होते." आणि ती खरंच गेली. लाइनवर फक्त सिस्टर उरल्या.

त्या म्हणाल्या, "बोर्डताई, माझी आई गेली त्या दिवशी गावची लाइन लागत नव्हती. तू दुपारभर लावत बसलीस. लागली, तेव्हा आई अजून बोलू शकत होती. बोलणं झाल्यावर मी खाली येऊन तुला सांगणार होते, तर तू हेडफोन कानावरून सरकवून भिंतीकडे तोंड करून बसलेली. नंतरही कधी विचारलं नाहीस, काय बोलणं झालं म्हणून."

"ते विचारायचं नसतं," आत्या म्हणाली.

"नसतं ना? आमच्याकडे घाबरलेल्या घरांतून फोन येतात. दुपारी ही पोरगी बसेल. सकाळी मला माणूस हवंय."

आत्यानं डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून तेच निघालं, "हो, बोला ना, कोण हवंय आपल्याला?"

"तू," सिस्टर म्हणाल्या.

आतोबा उठले आणि चाचपडत कपाटापाशी जाऊन खोकी खाली काढून मोडू लागले. आत्या फोनपाशीच बसून होती, आणि तिनं तो ठेवला नाही.