भागोजींचा मंजूर अर्ज

फणसेकोंडच्या भागोजींनी उभ्या आयुष्यात तीनशेच्या वर अर्ज लिहिले असतील. त्यातला एकच मंजूर झाला, आणि नेमका तोच त्यांच्या मुळावर आला.

पोलादपूरच्या कचेरीत भागोजी शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच सुटले. पण कारकुनांच्या टेबलांवर फायली ठेवता-उचलता त्यांनी अर्जाची भाषा अशी काही उचलली की कारकुनांनीही तोंडात बोट घालावं. गावात विजेचा खांब वाकला, विहिरीत गाळ साचला, पुरात ओढ्यावरचा साकव गेला, की लोक कोरा कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर हजर. भागोजी चष्मा पुसत, समासाला चार बोटं जागा सोडत आणि ‘सविनय सादर’ करून मोकळे होत. पुढे त्या अर्जांचं काय व्हायचं? सरकारी काम आणि सहा महिने थांब. सहा महिन्यांनी दुसरा अर्ज.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. अर्जात कुणाचं नाव घेऊन तक्रार करायची नाही. “अरे, साहेब बदलून जातो, शेजारी नाय जात,” ते म्हणायचे. पाणी कुणी अडवलं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलं, तरी भागोजींच्या अर्जात ते ‘काही व्यक्तींनी’च अडवलेलं असे. सोयऱ्याधायऱ्यांच्या गावाचं नाव तर मेलं तरी यायचं नाही.

बायको गेल्यावर घरात ते आणि त्यांची लेक सारिका, एवढीच माणसं राहिली. सारिका नांदायला गेली होती ती तीन वर्षांत परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि बापाने विचारलं नाही. आल्यावर तिने नर्सिंगचा कोर्स केला आणि रोह्याच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. सकाळी साडेसहाला बापाला इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायचं, पावणेसातची पॅसेंजर धरायची, संध्याकाळच्या गाडीने परत येऊन दुसरं इंजेक्शन. सुईच्या नळीवरच्या बारीक रेघा भागोजींना दिसत नसत. अक्षरं मोठी काढता येतात, औषध मोठं करून घेता येत नाही.

गावाखालीच रेल्वेचा थांबा होता. थांबा म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खिडकी आणि पाटी. पण गाडी अशी की वाटेतल्या प्रत्येक पाटीला रामराम करत जायची आणि मधे कुठल्या तरी एक्स्प्रेसला वाट द्यायला निवांत उभी राहायची. रोह्याला पोचेपर्यंत सव्वाआठ. सारिकाची ड्युटी आठची. रोज धावत जायचं, रोज रजिस्टरात लाल शेरा. वरिष्ठ सिस्टरने एकदा स्पष्टच सांगितलं, “सारिका, तुझ्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. पण अशी उशिरा येत राहिलीस तर तुला पर्मनंट करा म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू?”

पर्मनंट हा शब्द सारिकाने घरी दोनदा उच्चारला होता. एवढ्या वर्षांत स्वतःसाठी तिने मागितलेली ती एकच गोष्ट, आणि तीसुद्धा बापाकडे नव्हे. भागोजींच्या मनात तो शब्द घर करून बसला.

त्या वर्षी गणपतीत मुंबईकर मंडळ गावात आलं. आपल्याकडे गावात राहतात ते ग्रामस्थ आणि ठरवतात ते मुंबईकर, हे काही नवीन नाही. मंडळाचा सेक्रेटरी प्रवीण देवळात उभा राहून म्हणाला, “पॅसेंजर फास्ट झालीच पाहिजे. गावाला यायचं म्हणजे अख्खा दिवस बोंबलतो. सगळ्या गावांच्या सह्या मी घेतो, ड्राफ्ट भागोजीतात्यांनी काढायचा.”

भागोजी एका पायावर तयार. अर्धा तास वाचला तर लेकीचा लाल शेरा जाईल, एवढाच त्यांचा हिशेब. मजकूर झकास उतरला. मग प्रवीण म्हणाला, “आता लिहा तात्या, मधला कुंभेवाडीचा थांबा बंद करा. तिथे कुत्रंसुद्धा चढत नाही.”

भागोजींचं पेन थांबलं. कुंभेवाडी बोगद्यापलीकडे. गाडीने चार मिनिटं, डोंगर चढून गेलं तर दोन तास. तिथे त्यांची धाकटी बहीण प्रयागबाई दिलेली. भावाच्या हाताने बहिणीच्या गावची गाडी बंद? उद्या भाऊबीजेला ती ओवाळायला आली तर तिच्यापुढे मान कशी वर करायची?

“नाव नको रे,” ते म्हणाले. “मोघम लिहू.”

आणि त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘ज्या थांब्यांवर प्रवासी अत्यल्प आहेत, असे थांबे रद्द करून गाडीचा वेग वाढवावा, ही नम्र विनंती.’ प्रवीणने वाचलं आणि मान डोलवली. “तात्या, तुमचं डोकं म्हणजे डोकं हाय.” शहरात वीस वर्षं काढली तरी खूष झाला की त्याची जीभ गावावर यायची.

वर्षभराने, नवं वेळापत्रक लागायच्या आधी, उत्तर आलं. छापील, शिक्क्यासकट. भागोजींच्या अर्जाला उत्तर! देवळासमोर निम्मा गाव जमला. भागोजींनी कागद डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचायला घेतला. ‘आपल्या अर्जास अनुसरून… तिकीटविक्रीच्या आकड्यांवरून… प्रवासी अत्यल्प असल्याने पुढील थांबे रद्द करण्यात येत आहेत.’ आणि मग ते थांबले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला अक्षर लागत नाहीये. विनीत पुढे झाला, हा शेजारचा, एमआयडीसीत कामाला जाणारा मुलगा, आणि त्याने पुढची ओळ वाचली. यादीत पहिलंच नाव फणसेकोंड. कुंभेवाडीचं नावच नव्हतं.

असं कसं झालं? तर असं, की फणसेकोंडचे रोजचे बारा-पंधरा लोक महिन्याचा पास काढत. गावच्या खिडकीवर पास मिळत नसे, म्हणून गाडीला गावाच्या आधी लागणाऱ्या मोठ्या स्टेशनवर जाऊन तिथूनच रोह्यापर्यंतचा काढत. दर तोच पडायचा. त्यामुळे फणसेकोंडचे प्रवासी सगळे मोठ्या स्टेशनच्या खात्यावर, आणि गावच्या खिडकीवर दिवसाला दोन तिकिटं. कुंभेवाडीची माणसं पास न काढता रोज रांगेत उभी राहून तिकीट घेत. त्यांना आपण अडाणी म्हणत होतो. ‘प्रवासी अत्यल्प’ म्हणजे कोण, हे भागोजींना सोडून साऱ्या रेल्वेला माहीत होतं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

नोव्हेंबरात गाडी फास्ट झाली. सकाळी गावाखालून शिट्टी मारत निघून जायची, पत्र्याची शेड थरथरायची, आणि रोह्याला ती पावणेआठला पोचायची. ड्युटीच्या चांगली पंधरा मिनिटं आधी.

सारिकाने हार मानली नाही. मोठं स्टेशन अकरा किलोमीटर, आणि पहिली एसटी सव्वासातची, म्हणजे गाडी गेल्यावर. विनीतने पंधरा दिवस तिला मोटारसायकलवरून सोडलं. मग त्याची शिफ्ट बदलली, आणि त्याच्याही आधी गावातल्या बायकांची तोंडं सुटली. संध्याकाळी उतरल्यावर परतीला वाहन नाही. दोनदा ती चालत आली. दोन्ही वेळा भागोजी इंजेक्शनशिवाय बसून होते, आणि दुसऱ्या वेळी तर तहानेने तोंड कोरडं पडून ओट्यावर आडवे झालेले.

“तू रोह्यालाच खोली घे गो,” ते म्हणाले. “मी घेईन टोचून.”

“बाबा, किती युनिट आहे ते वाचून दाखवा,” तिने सुई त्यांच्यापुढे धरली. भागोजींनी चष्मा वर केला, खाली केला. त्यांना नुसती सुई दिसली. खोलीचा विषय तिथेच मिटला.

शिमग्याला मंडळ पुन्हा आलं. मोठ्या स्टेशनवर उतरून ठरवलेल्या गाड्यांतून थेट दारात. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसल्यावर प्रवीणने माइक हातात घेतला आणि तात्यांच्या लेखणीचा विजय जाहीर केला. मुंबईकरांची चाळीस मिनिटं वाचली होती. टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ आणि फुलांचा गुच्छ घेऊन भागोजी उभे राहिले. असा सत्कार शत्रूचाही होऊ नये.

“दोन शब्द बोला, तात्या!”

“गाडी आपल्या गावात थांबत नाय,” भागोजी माइकमध्ये म्हणाले. “तेवढं बघा कुणीतरी.”

प्रवीणला आवडलं नाही. “आता तात्या, लिहिलंत तर तुम्हीच ना? मी कुंभेवाडीचं नाव घाला म्हणत होतो. पण काही हरकत नाही, नवीन अर्ज करू. तुम्ही ड्राफ्ट काढून ठेवा.” लोक हसले. कुंभेवाडीहून डोंगर चढून पालखीला आलेली प्रयागबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. भागोजींच्या मनात आलं, हिच्या गावाचं नाव घातलं असतं तर आज माझी लेक पर्मनंट असती. आणि असं मनात आल्याची त्यांना इतकी लाज वाटली की बहिणीने वाढून दिलेली पुरणपोळी त्यांना गिळवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजेक्शन देऊन झाल्यावर सारिका कोरा कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली. बिरवाडीकडच्या एका कारखान्यात तिला पॅकिंगचं काम मिळालं होतं. कंपनीची बस फाट्यावर आठला येते आणि सहाला परत सोडते. गोळ्यांच्या खोक्यांवर चिकटपट्ट्या लावायच्या. सिस्टर म्हणून हाक मारणारं तिथे कुणी नव्हतं.

“माझा राजीनामा लिहून द्या, बाबा. तुमचं अक्षर चांगलं आहे.”

भागोजींनी समास सोडला. तारीख घातली. ‘सविनय’ लिहिलं. मग विचारलं, “कारण काय घालू?”

“घाला, गाडी आता वेळेच्या आधी पोचते.”

ती हसली नव्हती. भागोजींनी पेन कागदावर टेकवलं. रेल्वेचं नाव घालावं, मंडळाचं घालावं, स्वतःचं घालावं. घालायला नावांची काय कमी होती? पण जन्माची सवय. त्यांनी लिहिलं, ‘घरगुती अडचणीमुळे’, आणि कागद तिच्याकडे सरकवला.

घरगुती अडचण कोण, ते दोघांनाही माहीत होतं. सारिकाने ती ओळ वाचली आणि खाली सही केली.