बोटकाकांचा तुलनात्मक अभ्यास

जगातल्या आरोग्यव्यवस्थांचा सर्वांत सखोल तुलनात्मक अभ्यास वसईत झाला. अभ्यासक एकच होते, आमचे शेजारी बोटकाका, आणि रुग्णही तेच. मालवाहू बोटीवर ते तीस वर्षं स्वयंपाकी होते. ज्या बंदरात बोट लागे, तिथे त्यांचं काहीतरी दुखे.

निवृत्तीनंतर वाडीतल्या केळींना पाणी सोडून ते ओट्यावर बसत आणि देशांना गुण देत. पाहायच्या गोष्टी दोनच: किती वेळ बसवलं आणि डॉक्टरनं हात लावून तपासलं का. "इंग्लंडात फुकट बघतात, पण नंबर येईपर्यंत आपलं काय दुखत होतं ते आठवावं लागतं. अमेरिकेत आधी विमा तपासतात, मग नाडी. जपानात नर्स एवढी वाकली, मला वाटलं, आपलं काही खरं नाही." भारताला गुण नव्हते, कारण घरी असताना ते आजारी पडत नसत.

मग काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. लंडनची मुलगी म्हणाली, आईला इकडे आणा. कॅनडातला मुलगा म्हणाला, तिकडे नको, इकडे. काका म्हणाले, "घाई नको. डोळ्यांचा प्रश्न आहे, नीट तुलना होऊ दे." तुलना वर्षभर चालली. काकू तांदळातले खडे बोटांनी चाचपून शोधू लागल्या. चहा कपाबाहेर ओतू लागल्या, तेव्हा काकांनी मोठ्या बशा आणल्या. मी विचारलं, अजून किती दिवस? म्हणाले, "जर्मनी राहिलंय."

काकू माझ्या आईबरोबर रिक्षानं नालासोपाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दोनदा जाऊन आल्या. काकांना वाटलं, देवळात गेली. तिसऱ्या खेपेला संध्याकाळी परतल्या त्या एका डोळ्यावर पट्टी घेऊन. काका आधी खुर्चीत बसले. मग अभ्यासक जागा झाला.

"किती वेळ बसवलं?"

"कोण जाणे. भिंतीवरचं घड्याळ दिसत असतं तर गेले असते कशाला?"

"हात लावून तपासलं?"

"अहो, डोळा कापला."

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी काका बरोबर गेले. दिवसभर बाहेर बाकावर बसले आणि एकाही देशाचं नाव काढलं नाही, असं आई सांगते.

गेल्या वर्षी काका दुपारच्या झोपेतच गेले. काकू आता रोज अख्खा पेपर वाचतात. आरोग्याची पुरवणी तेवढी भाजी निवडायला घेतात.