शोकेसमधली विळी

आज ओटा पुसताना बोटांना ओल्या नारळाचा वास आला आणि मरोळ गावठाणातलं ते जुनं चॅपल आठवलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नववीत होते, शाळेच्या वहीत चॅपलची माहिती लिहायची होती. आई सवयीने चपला दाराबाहेर काढून आत शिरली. मेणबत्त्यांचा वास आणि पायांखाली थंडगार फरशी. मागच्या खोलीत इवलंसं संग्रहालय होतं. त्यात पितळी घंटा, लाल लुगडं आणि टेबलावर एक विळी. पुठ्ठ्यावर लिहिलेलं, ‘पूर्वजांची विळी. हात लावू नये.’

आईने वाकून विळीचा चक्क वास घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अगो बाय,” ती मालवणीत ओरडली, “हिच्यार आजच नारळ खवललो आसा!”

देखरेखीला बसलेली मावशी आधी लाजली, मग खो खो हसली. “आज सण हाय ना गं, घरची विळी कमी पडली. सांगू नको कोणाला!” पडद्यामागे अजून नारळ होतेच. आईने पदर खोचला, विळी जमिनीवर घेतली आणि खवायला बसली. मी वही मिटून ओलं खोबरं खात राहिले.

तेव्हा ती मावशी मला लबाड वाटली होती. आता आईची विळी माझ्या सुनेने हॉलच्या शोकेसमध्ये सजवून ठेवलीय. सून ऑफिसला गेली की मी ती हळूच काढते, नारळ खवते आणि पुसून जागेवर ठेवते.

काल सून शोकेसपाशी वाकली, वास घेतला आणि म्हणाली, “आई, आज सोलकढी का?”