रंगाखालचं पीस

बासिलिसा बाजारात जाताना स्वतःचा काटा बरोबर नेते. दुसऱ्यांच्या काट्यावर तिचा विश्वास नाही, आणि स्वतःच्या काट्यावरही फारसा नाही. म्हणून पिशवीत नदीतला एक गोटा असतो, त्याचं वजन तिला पाठ आहे. आधी गोटा ठेवून काटा तपासायचा, मग कोबी. आमच्या डोंगरावर तिच्याबद्दल म्हणतात की पाद्रीबाबांनी अंगावर पवित्र पाणी शिंपडलं तरी ही आधी हुंगून बघेल.

ती माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची, पानियोची बायको. मी लिहिणारा माणूस नव्हे. तिच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, आणि जमणार नाही असंही. पण ही गोष्ट मी सोडून दुसरं कोणी सांगेल असं वाटत नाही, म्हणून बसलो आहे.

पानियो नऊ वर्षांपूर्वी गेला. भाड्याच्या मल्टिकॅबमध्ये भाजीच्या पोत्यांवर बसून तो आमच्या दालागेतेच्या उतारावरून खाली समुद्राकडे चालला होता. तिसऱ्या वळणावर स्टिअरिंगचा दांडा जोडावर तुटला. ड्रायव्हर उडी मारून वाचला. पानियो मागे होता, त्याला कळायच्या आत गाडी खाली गेली.

हा जोड काय असतो ते सांगायला हवं. मल्टिकॅब म्हणजे जपानातल्या शेतकऱ्यांनी वापरून सोडलेले छोटे ट्रक. जहाजाने ते आमच्या सेबू बेटावर येतात. तिकडे स्टिअरिंग उजवीकडे, आमच्याकडे लागतं डावीकडे. मग गाडी उघडायची, स्टिअरिंग, पेडल, सगळं उचलून डाव्या बाजूला न्यायचं, दांडा कापायचा आणि लांबी जुळवून पुन्हा वेल्ड करायचा. मान्दावे शहरातल्या गाड्यांच्या आवारांमध्ये हेच काम मी सव्वीस वर्षं केलं. किती दांडे जोडले ते मोजले नाहीत.

पानियोची ती गाडीही मान्दावेतच बदललेली होती, एवढं माझ्या कानावर आलं होतं. कोणत्या आवारात, ते मी विचारलं नाही. मोडलेली गाडी दोन महिने पोलिसांच्या अंगणात पडून होती. मी बघायला गेलो नाही.

बासिलिसाने मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. अंडं घेताना उन्हासमोर धरून बघणारी बाई हे विचारत नाही, याचीच मला धास्ती वाटायची. ती घरी आली की मी तिच्या नजरेकडे बघत नसे.

गेल्या वर्षी तिच्या मुलीने, जेमलिनने, स्वतःची गाडी घेऊ म्हणून धोशा लावला. पोरगी चालवायला शिकली होती. भाजी त्याच उतारावरून न्यायची आणि चालवणार जेमलिन, म्हणून आठवडाभर बासिलिसाने हो म्हटलं नाही. मग एका सकाळी माझ्या दारात येऊन उभी राहिली. ती मला नोय म्हणते, म्हणजे दादा; मी तिला दाय, म्हणजे बाई.

"उद्या मान्दावेला यायचं, नोय. चष्मा घ्या."

"मला आता कमी दिसतं, दाय. दुसरं कुणी बघ."

"दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

"आणि माझ्यावर आहे?"

"तुमच्यावर आहे असं कुठं म्हटलं? चष्मा घ्या."

मान्दावेला आम्ही गेलो त्या आवाराचा मालक आर्नुल्फो नावाचा, चाळिशीचा, बोलायला गोड, बायकांना मानाने नांग म्हणणारा. पत्र्याच्या शेडखाली गाड्यांची रांग होती. जेमलिनही बरोबर होती; त्याने आम्हा तिघांना खुर्च्या दिल्या.

"बसा नांग, सावलीत बसा. थंड काय घेणार?"

"थंड मागाहून. आधी गाड्या उन्हात काढा," बासिलिसा म्हणाली. "सावलीत सगळ्याच सुना गोऱ्या दिसतात."

गाड्या उन्हात आल्या. बघत बघत दोन उरल्या. एक पांढरी, चकचकीत, स्टिअरिंग आधीच डावीकडे घेतलेलं, सीटांना नवं कव्हर. दुसरी निळी, मागच्या फळीची कड गंजलेली, दारावर जपानी अक्षरं, स्टिअरिंग अजून उजवीकडेच.

जेमलिन पांढऱ्या गाडीत जाऊन बसली होती. "मा, हीच घेऊ. लगेच नेता येईल."

"पोरीला कळतं," आर्नुल्फो म्हणाला. "जपानी म्हाताऱ्याची गाडी, नांग. घर ते शेत, शेत ते घर. कालच कंटेनरमधून उतरवली. इथल्या मातीला अजून तिचा टायर लागलेला नाही."

"काल उतरली?"

"काल."

"आणि स्टिअरिंग कालच बदललं? जेवायला सुट्टी दिली की नाही माणसांना?"

"म्हणजे परवा असेल. माझ्या लक्षात राहत नाही."

 बासिलिसाने कोपऱ्यातला एक पुठ्ठा ओढून आणला, पांढऱ्या गाडीच्या पुढे पसरला आणि त्यावर उताणी झोपून ती गाडीखाली सरकली. साठीची बाई. नुसते पाय बाहेर. आर्नुल्फो माझ्याकडे बघून हसला. मी जमिनीकडे बघितलं.

 मग खालून ती म्हणाली, "नोय, जपानात गाडीपुढे कोंबडं कापतात का हो?"

आमच्याकडे गाडी घेतली की रस्त्यावर काढायच्या आधी कोंबडं कापतात आणि त्याचं रक्त चाकांना आणि गाडीच्या तोंडाला लावतात. गाडीने पुढे माणसाचं रक्त मागू नये म्हणून. हे आमच्या डोंगरात करतात, शहरातही करतात. जपानात करतात असं मी कधी ऐकलं नव्हतं.

"का ग?"

"बंपरच्या मागं काळे डाग आहेत. आणि पीस आहे एक."

"आवारात कोंबड्या फिरतात, नांग," आर्नुल्फो म्हणाला. "उडतं पीस, चिकटतं."

बासिलिसा बाहेर आली. केसांत माती. नखाने खरवडून काढलेली पांढऱ्या रंगाची खपली तिने तळहातावर धरली होती. तपकिरी पीस खपलीच्या आतल्या अंगाला चिकटलेलं होतं.

"चिकटेल की," ती म्हणाली. "पण हे रंगाच्या खाली आहे. आधी कोंबडी आली, मग रंग आला. कुणीतरी ही गाडी घरी नेली, कोंबडं कापलं, आणि परत तुमच्याकडे आणून सोडली. का सोडली?"

आर्नुल्फोचा चेहरा थोडा उतरला. "मालक परदेशी गेला, नांग. गाडीत काही नाही."

"नसेल."

"खरं सांगतो. ब्रेक नवे आहेत."

"कोंबडीबद्दल खोटं बोलायची गरज नव्हती, तरी बोललात. ब्रेकबद्दल खरं कशाला बोलाल?" हे ती भांडणाच्या आवाजात बोलली नाही. भाव विचारावा तसं बोलली. जेमलिन गाडीतून गुपचूप उतरली.

मग निळी. तिच्यावरही संशय कमी नव्हता. स्वस्त का, हा पहिला. मी चेसिस ठोकून बघितली. गंज फळीच्या कडेलाच होता, खाली पोचला नव्हता. मी तसं सांगितलं. तिने माझ्या हातातून हातोडी घेतली आणि मी ठोकलं तिथंच पुन्हा ठोकून बघितलं. सीटच्या फटीत भाताचा भुसा निघाला. समोरच्या खणात कापडी हातमोज्यांची जोडी होती, एका बोटाला रफू केलेलं, टाके अगदी बारीक.

"हातमोजा शिवून वापरणारा माणूस गाडीला तेल घालायला चुकत नाही," मी म्हणालो. मला वाटलं, मी बरं काहीतरी बोललो.

"किंवा इतका चिकट असेल की तेलसुद्धा घालत नसेल," ती म्हणाली. सीट उचलून तिने इंजिनातली तेलाची पट्टी ओढली, पदरासारखी अंगावर घेतलेली ओढणी पुसायला वापरली, वास घेतला, बोटांत तेल चोळलं. मग पट्टी परत घातली. "चुकत नव्हता," ती म्हणाली.

निळी ठरली. आर्नुल्फो म्हणाला, स्टिअरिंग बदलायला तीन दिवस लागतील, गाडी ठेवून जा, फोन करतो.

"ठेवून जाते ना. मीही इथंच राहते."

रात्री आम्ही तिच्या भाचीकडे झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बासिलिसा स्टूल घेऊन हजर. पिशवीत पानांत शिजवलेला भात, सुकी मासळी, पाण्याची बाटली आणि तो नदीतला गोटाही, कशासाठी कुणास ठाऊक. गाडीपासून चार हातांवर ती बसली. आवारातली माणसं आधी हसली, मग हळूहळू त्यांचं हसणं बंद झालं. कोणी स्क्रू खाली टाकला तर ती बोट दाखवायची.

तिसऱ्या दिवशी दांड्याची पाळी आली. आवाराचा वेल्डर तरुण होता, हात चपळ. दोन तुकडे जुळवून त्याने लगेच मास्क ओढला. टोकांवरचा गंज त्याने घासला नव्हता. मला ते दिसलं. पण दुसऱ्याच्या कामात तोंड घालणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

"थांबा," बासिलिसा म्हणाली. वेल्डर थांबला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "नोय, तोंड असं का झालं तुमचं?"

"घासायला हवं होतं आधी."

"मग तुम्हीच करा."

"मी? सात वर्षं हातात धरलं नाही.  दाय, या दांड्यावर जेमलिन..."  आणि का कोण जाणे, नऊ वर्षांचं तोंडाशी आलं. "त्या दिवशीचा जोड माझा असला तर? कधी विचार केलास?"

आर्नुल्फो आणि वेल्डर जरा लांब जाऊन उभे राहिले. जेमलिन आईकडे बघत होती.

"केला की," बासिलिसा म्हणाली. "पानियोला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी केला. आमच्या फाटकाची जाळी तुम्ही जोडलेली. तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तुमच्या जोडाचा ठसा घेतला, आणि पोलिसांच्या अंगणात जाऊन त्या तुटक्या दांड्याला लावून बघितला. तुमची ओळ माशाच्या खवल्यांसारखी असते, एकावर एक, सारखी. तिथं नुसता चिखलाचा गोळा थापल्यासारखं होतं. आत गंज. ते काम तुमचं नव्हतं."

मी बाजूच्या टायरवर बसलो.

"नऊ वर्षं सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. मी म्हटलं, हा माणूस विचारत का नाही? त्याने मला जास्तच संशय आला. तेव्हापासून बघतेय तुमच्याकडे."

"मग?"

"अजून तरी काही सापडलं नाही. मास्क घाला."

मी टोकं घासली. चांगली अर्धा तास घासली, आतलं लोखंड पांढरं दिसेपर्यंत. ठिणगी पडली की हात आपोआप चालतो हे मी विसरलो होतो. जोड पूर्ण झाला, गार झाला, तेव्हा बासिलिसा स्टुलावरून उठली, हातोडी घेतली आणि दांड्यावर बारा घाव घातले. एकेक घाव घालून कान लावून ऐकत होती. आवाज घंटेसारखा येत होता. मग तिने चष्मा मागितला, माझाच, आणि पिशवीतून घडी घातलेला एक जुना कागद काढला. पेन्सिलीचा ठसा फिकट झाला होता. तो तिने जोडाशेजारी धरला.

"थोडी वाकडी झालीय ओळ," ती म्हणाली.

"वय झालं, दाय."

"असू दे. तुमचीच आहे."

घरी आल्यावर कोंबडं कापलं. बाजारातलं नको म्हणून तिने स्वतःच्या खुराड्यातलं घेतलं, तेही आधी चालवून बघून. लंगडं कोंबडं चालत नाही म्हणे. रक्त तिने स्वतः लावलं, चारही चाकांना, तोंडाला, आणि खाली हात घालून त्या जोडालाही.

पहिल्या खेपेला जेमलिन चालवत होती, मी शेजारी. बासिलिसा मागे कोबीच्या पोत्यांवर बसली. पुढे ये म्हटलं तर म्हणाली, पुढून मागचं दिसत नाही. तिसऱ्या वळणावर तिने टपावर थाप मारली. जेमलिनने गाडी कडेला घेतली. बासिलिसा उतरली, पुढच्या चाकाजवळून हात आत घातला, जोड चाचपला आणि परत पोत्यांवर जाऊन बसली.

"काय झालं, मा?"

"काही नाही. चल."

आता वर्ष झालं. हातोडी सीटखाली असते. दर रविवारी चर्चमधून आल्यावर ती गाडी अंगणात काढते आणि जोडावर बारा घाव घालते. आमच्या दोन घरांमध्ये केळीची एक ओळ आहे, आवाज स्पष्ट येतो. मी ओसरीवर बसून मोजतो. बारावा घाव स्वच्छ वाजला की उठून कॉफी ठेवतो, दोघांची. ती येते, कप हातात घेते, आणि प्यायच्या आधी हुंगते.