नाडी बघणाऱ्या सिस्टर

सिस्टर आधी मनगट धरायच्या, मग नाव विचारायच्या. चाकणच्या आमच्या कंपनीतल्या दवाखान्यात कुणी नुसती डोकेदुखीची गोळी मागायला गेला, तरी त्यांची दोन बोटं त्याच्या नाडीवर जायची. दुसऱ्याची नाडी बघायलाही त्यांनी स्वतःहून आम्हाला शिकवलं. मी अंगठा टेकवला तसा त्यांनी तो बाजूला केला. "अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो. समोरच्याची सोडून आपलीच नाडी मोजत बसशील."

शिकवल्याशिवाय त्या कुणाला सोडायच्या नाहीत. मनगटावरच्या निळ्या रेषा म्हणजे नीला, त्या रक्त हृदयाकडे परत आणतात. बोटाला ठोका लागतो तो रोहिणीचा. "हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा सगळ्यात जाड. का? त्याला पार पायाच्या बोटांपर्यंत रक्त ढकलायचंय. उजव्याला काय, शेजारच्या फुप्फुसापर्यंतच." प्रेस शॉपमधली, पत्रा दाबायच्या मशीनवरची माणसं हसायची, पण ऐकायची.

त्या मूळच्या रत्नागिरीच्या, संत तुकाराम नगरात एकट्याच राहायच्या. सुट्टीच्या दिवशीही कधी कधी कामावर यायच्या. "घरी कुणाला शिकवू?" म्हणायच्या.

मी परभणीचा. बायको-मुलं गावाकडे, मी चाकणला खोली करून. एका फर्स्ट शिफ्टला छातीत जड वाटायला लागलं. "गॅस झालाय, गोळी द्या," म्हणालो. सिस्टरनी मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "जबडा दुखतोय?" मी मान डोलावली. त्यांनी गाडी मागवली आणि स्वतःच सोबत बसल्या. हॉस्पिटलात नातं विचारलं, तेव्हा बेधडक "बहीण" म्हणाल्या.

डॉक्टरांचं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. सिस्टरनी फायलीच्या पाठीवर मुठीएवढं हृदय काढलं, त्यावर तीन वाहिन्या. "आत एवढं रक्त असतं, पण त्यावर हृदयाचं भागत नाही. त्याचं स्वतःचं रक्त या बाहेरच्या वाहिन्यांतून येतं. तुझी ही एक बंद झालीय. डॉक्टर उघडतील." बायको गावाहून पोचेपर्यंत त्या बाहेर बाकावर बसून होत्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या. पण दर रविवारी फोन यायचा. "गोळ्या घेतोस ना? चालतोस ना?" मी हो हो म्हणायचो आणि ठेवून द्यायचो.

मागच्या महिन्यात दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या काकू बाहेर आल्या.

"त्या गेल्या हो. झोपेतच. दूधवाल्याला दार उघडेनात, तेव्हा कळलं. हृदय बंद पडलं म्हणाले डॉक्टर."

मी जिन्याचा कठडा धरला.

"कधीपासून दम लागायचा त्यांना," काकू म्हणाल्या. "एक मजला चढून मध्येच बसायच्या. तुम्हाला बोलल्या नव्हत्या?"

बोलल्या असत्या. मी कधी विचारलंच नव्हतं.